आशूच्या कॉम्प्युटरची पाणीपुरवठा योजना

चौगुले आण्णा कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी मोरीतला नळ सोडून बघतात. धार बघतात, हात धुतात, नळ बंद करतात आणि निकाल देतात. "प्रेशर चांगलं हाय." किंवा, "टाकी उंच घ्या." चहा त्यानंतर. त्यांच्या मुलीसाठी शिरोळकडचे एक स्थळ आले होते. मुलाकडच्यांनी घर दाखवले, ऊस दाखवला, मुलगा दाखवला. आण्णांनी परसातला नळ सोडला आणि मुलाच्या वडिलांना म्हणाले, "पावणं, मोटर बदला." मोटर बदलली, असे नंतर कळले. स्थळ पुढे सरकले नाही.

कसबा बावड्यात ते माझे शेजारी; मी एका दैनिकात नोकरी करतो. त्यांची सगळी नोकरी नदीकाठच्या एका गावातल्या उपसा पाणीपुरवठा संस्थेत झाली. नदीचे पाणी माळावर चढवायचे आणि सभासदांना पाळीने द्यायचे, हे काम. निवृत्तीनंतर पाळ्या गेल्या, प्रश्न मात्र राहिला : "टेलला पाणी पोचतंय काय?" टेल म्हणजे पाइपलाइनचे शेवटचे टोक. तिथल्या शेतकऱ्याचा ऊस कायम पिवळा. आण्णा लग्नाच्या पंगतीत मुद्दाम शेवटच्या ओळीत बसतात. रस्सा तिथवर येतो का, हे त्यांना बघायचे असते.

पत्नी गेल्यापासून घरात ते आणि मुलगी अश्विनी, म्हणजे आशू, असे दोघेच. आशू पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच काम करते. अजून न बांधलेल्या इमारती बांधल्यावर कशा दिसतील, त्याची चित्रे कॉम्प्युटरवर तयार करते. या उन्हाळ्यात तो कॉम्प्युटर तापून मध्येच बंद पडू लागला. वरच्या पत्र्याच्या खोलीतून खाली आणला, तिथेही तापला. दोनदा काम उशिरा गेले. पुन्हा असे झाले तर पुण्याला येऊन ऑफिसातल्या मशीनवर बसावे लागेल, असे कंपनीने कळवले.

आशूने उपाय शोधला : पंख्यांवर भागत नसेल तर पाण्याने गार करायचे. मुठीएवढा पंप, तांब्याएवढी टाकी, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या तापणाऱ्या दोन भागांवर बसवायचे पोकळ ठोकळे, तापलेले पाणी निववायला गाडीत असतो तसा लहान रेडिएटर, आणि हे सगळे जोडणारी नळी. तिने हे जेवताना सांगितले. आण्णांनी ताट बाजूला सारले.

"लिफ्ट किती?"

"दीड फूट."

"सभासद?"

"दोन."

"दोघांचं पटतंय?"

"आण्णा, ते पार्ट हायेत."

"मग हुतंय की."

पुढचे दोन आठवडे त्या घरात नळीच्या जाडीशिवाय दुसरा विषय नव्हता. आण्णांना अंगठ्याएवढी नळी हवी होती. तेवढी घातली तर कॉम्प्युटरचे झाकण लागत नव्हते. पातळ नळी वळणावर मुडपत होती. शिवाय आण्णांचे म्हणणे असे, की पंपापाशी जाड आणि पुढे बारीक होत जाणारी लाइन टाकावी. माळावर तशीच असते. आशूने सगळीकडे एकच माप ठरवले : आतून दहा मिलिमीटर, बाहेरून तेरा.

खरी अडचण वेगळीच होती. पाणी आधी प्रोसेसरला, मग ग्राफिक्स कार्डला जाणार होते.

"म्हंजे टेलवाल्याला गरम पाणी देतीस व्हय?"

"आण्णा, पाणी लई जोरात फिरतंय. दोन्हीकडं जवळजवळ सारखंच गरम असतंय."

"पंपाजवळचे हेडवाले असंच म्हणत्यात. दोन लायनी टाक. मदी व्हॉल्व बसीव, पाळी लावू."

"ही काय आमसभा न्हाय."

"आमसभेत पण ह्येच म्हणायचे."

शेवटी लाइन एकच राहिली. त्या बदल्यात जोडणीचे नट मागवायचा अधिकार आण्णांनी स्वतःकडे घेतला.

पंप आला त्या दिवशी आण्णांनी त्याला हळदकुंकू लावले आणि उंबऱ्याबाहेर नारळ फोडला. आत हार घालायला आशूने नकार दिला. जोडणी झाल्यावर कॉम्प्युटर बंद ठेवून आधी नुसता पंप चालवायचा असतो, म्हणजे गळती असेल तर कळते. थेंब दिसावा म्हणून प्रत्येक जोडाखाली कागद अंथरतात. त्यासाठी आण्णा माझ्याकडून पेपर घेऊन गेले. आमचा पेपर इतक्या बारकाईने वाचला जाताना मी प्रथमच पाहिला. थोड्याच वेळात अग्रलेख भिजला.

चूक नटांत होती. आण्णांनी ते सोळा मिलिमीटरचे मागवले होते.

"मी तेरा सांगितलं होतं की!"

"शेतात तेराचा पाइप नसतोय, आशू. मला वाटलं, तुझी लिहिण्यात चूक झाली."

योग्य नट येईपर्यंत आण्णांनी कोणाच्याही घरचा नळ सोडला नाही.

दुसऱ्या वेळी कागद कोरडा राहिला. आशूने कॉम्प्युटर सुरू केला आणि एका उंच इमारतीचे सर्वांत जड काम त्याला लावले. आण्णा एक हात एका नळीवर, दुसरा दुसरीवर ठेवून दुपारभर उभे राहिले. काम पुरे झाले. मशीन बंद पडले नाही. चित्रे वेळेत पुण्याला गेली आणि पुण्याला जाण्याचा विषय कंपनीने सोडून दिला.

अभिनंदन करायला गेलो तेव्हा आण्णा खाली बसून आशूला काहीतरी दाखवत होते. तिला न विचारता त्यांनी सर्वांत खालच्या जोडाला एक छोटी तोटी बसवली होती.

"हितनं सगळं पाणी काढायचं. मग मशीन आडवं करून गाडीत ठेवता येतंय. नवीन जागी पुन्हा भरायचं."

"नवीन जागा कुठली?" आशू म्हणाली. "मी कुठं चाललोय? हितं ऱ्हायला मिळावं म्हणून तर एवढं केलं."

"त्येच्यासाठनं न्हाय केलं. मशीन तापतंय म्हणून जायला लागू ने, म्हणून केलं. तुला जावंसं वाटलं तर जा की."

आशू वाकून तोटी बघू लागली.

"काढून दाखीव," आण्णा म्हणाले.

तिने मशीन बंद करून तोटी सोडली. एका हातात पातेले, दुसऱ्या हाताने मशीन तिरके. मी पातेले धरायला वाकलो.

"पेपरवाले, सोडा. तिकडं कोण हाय धरायला? तिचं तिला करू द्या."

ती करत राहिली. आण्णांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. मध्ये एकदा पातेले कलंडले, तेव्हा हात सुटले. त्यांनी ते पुन्हा बांधले.