हिल्डाची टोपी

सात वर्षं यादीत नाव लावून ठेवल्यावर एका फेब्रुवारीत हॅदरशॉ नगरपालिकेच्या मळ्यात डेस्मंड अ‍ॅक्रॉइडला जमिनीचा तुकडा मिळाला. पत्र वाचून संपायच्या आत त्याने बायकोला सांगून टाकलं, की यंदापासून भाजीवाल्याचं तोंड बघायचं नाही आणि फुलवाल्याचंही नाही.

"सात वर्षं या विषयावर वाचतोय मी," तो म्हणाला. "मला सगळं माहीत आहे."

डेस्मंडला नेहमीच सगळं माहीत असे. बस डेपोत तो वेळापत्रकं लावायचा, आणि तीस वर्षांच्या नोकरीत त्याने कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. समोरचा अर्ध्यावर असतानाच याला पुढचं कळलेलं असायचं. बायको जॅनिस या गोष्टीला सव्वीस वर्षांत सरावली होती. महत्त्वाचं जे काय असेल ते ती वाक्याच्या सुरुवातीलाच सांगून मोकळी व्हायची.

तुकडा म्हणजे खरं तर अर्नी सटक्लिफच्या जमिनीचा अर्धा भाग होता. अर्नी एक्याऐंशी वर्षांचा. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला सगळी जमीन झेपेना, म्हणून मळ्याच्या समितीने मधोमध दोरी धरली आणि लाकडी खोपटं असलेली बाजू अ‍ॅक्रॉइड कुटुंबाला दिली. किल्ली द्यायला अर्नी स्वतः काठी टेकत आला. जमीन थंडीने दगडासारखी झाली होती.

"खोपटं आता तुझं, पोरा. माझं सामान मी हलवलंय. फक्त बाकाखाली एक खोका आहे, तो..."

"मला माहीत आहे," डेस्मंड म्हणाला.

"माझ्या काचघरात अजून गारठा शिरतो, म्हणून म्हटलं तो तिथेच..."

"मिस्टर सटक्लिफ, तुम्ही काही काळजी करू नका. सात वर्षं वाचतोय मी."

अर्नीने त्याच्याकडे नीट बघितलं. एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगायची त्याला सवय नव्हती. सात वर्षं वाचणाऱ्या माणसाला एवढं कळत असेल, असं तो धरून चालला, आणि किल्ली देऊन गेला.

आता त्या मळ्यातली एक रीत सांगायला हवी. नवा माणूस आला की त्याच्या खोपट्याच्या दारात जुनी माणसं काहीतरी ठेवून जातात, आणि कुणी ठेवलं ते कधी सांगत नाहीत. पहिल्याच शनिवारी अ‍ॅक्रॉइडांच्या दारात पातीच्या कांद्यासारखे दोन जाडजूड लीक, लाल कोबीच्या लोणच्याची बरणी आणि आंबट देठांच्या रूबार्बचा पोत्यात गुंडाळलेला गड्डा होता. त्यामुळे बाकाखालचा खोका ओढून काढताना डेस्मंडच्या मनात शंकेला जागाच नव्हती.

खोक्यात कोरडी वाळू होती. वाळूत वर्तमानपत्रात गुंडाळलेले नऊ कंद होते, तपकिरी, बोटाएवढ्यापासून मुठीएवढ्यापर्यंत. प्रत्येकाला सुतळीने एक चिठ्ठी बांधली होती. चिठ्ठीवर पेन्सिलने लिहिलं होतं, हिल्डा.

"रताळी," डेस्मंड म्हणाला.

"इथे?" जॅनिसने विचारलं. "या थंडीत रताळी कुणाची येतात?"

"अनुभवी माणूस आहे तो. काचघरात घेतली असणार."

"आणि हिल्डा कोण?"

"बायको असेल त्याची. तिने पाठवलीत. आपण नाही का कुणाकडे डबा पाठवला की खाली नाव लिहीत?"

"एकेका रताळ्यावर?"

"नीटनेटकी बाई दिसते."

मुलगी केरी सोळा वर्षांची. तिच्या वाट्याला स्वीट पीची फुलं लावायचं काम आलं होतं आणि बोटं गारठल्यामुळे ती कुणावरच खूश नव्हती. तिने एक कंद उजेडात धरला. "बाबा, याला मानेपाशी डोळे फुटायला लागलेत."

"रताळ्याला फुटतातच," डेस्मंड म्हणाला.

त्याच दुपारी ढकलगाडी घेऊन जाणारा अर्नी बांधावर भेटला. डेस्मंडने टोपी काढली.

"मिस्टर सटक्लिफ, हिल्डांना आमच्याकडून मनापासून आभार सांगा."

अर्नीची ढकलगाडी जागच्या जागी थांबली. चार वर्षांत त्या मळ्यात कुणी हिल्डाचं नाव काढलं नव्हतं. तिचा विषय निघतोय असं वाटलं की लोक लगेच कांद्यावर यायचे. आणि हा नवखा माणूस चक्क टोपी काढून तिचे आभार मानत होता. म्हणजे खोक्यात काय आहे हे याला समजलंय, आणि ते आपल्या छपराखाली आहे याची किंमतही आहे.

"सांगतो," अर्नी म्हणाला. "दर रविवारी जातोच मी तिच्याकडे."

म्हणजे बिचारी वृद्धाश्रमात आहे, हे डेस्मंडने ताडलं. "तिथे नीट ठेवतात ना?"

अर्नीने दफनभूमीचा विचार केला. "गवत वेळेवर कापतात," तो म्हणाला.

"ते फार महत्त्वाचं. बाहेरून नीट, तर आतून नीट."

अर्नीला हे जरा विचित्र वाटलं, पण माणूस मनाने चांगला होता. "उद्या येतो मी तुझ्याकडे. म्हटलं, आता तिला उबेत..."

"यायलाच पाहिजे. बारा वाजता. मीच आग्रह करणार होतो."

रविवारी डेस्मंडने काटेरी झुडपांची शेकोटी केली आणि बांधावरच्या चारपाच शेजाऱ्यांना बोलावलं. नवव्या कंदाचं जॅनिसने आदल्या दिवशीच काय ते केलं होतं. उरलेले आठ चांदीच्या कागदात गुंडाळून निखाऱ्यात गेले. सुतळ्या त्याने आधी सोडवून घेतल्या होत्या. सुतळी वाया घालवायची नाही, असं पुस्तकात होतं.

अर्नी दफनभूमीतून थेट आला. डेस्मंडने त्याला खुर्ची दिली, गुडघ्यावर पांघरूण दिलं आणि हातात चांदीचा गरम कागद ठेवला. आत लोणी वितळलं होतं.

"मान तुमचा," तो म्हणाला.

बाकीच्यांनी चावून बघितलं. समितीच्या चिटणीसबाई म्हणाल्या, "वेगळीच चव आहे." तिथल्या लोकांत याचा अर्थ गिळता येत नाही असा होतो. एकाने आपला तुकडा कुत्र्याला दाखवला. कुत्रं चिटणीसबाईंपेक्षा स्पष्टवक्तं निघालं. अर्नी मात्र रेशनच्या काळात वाढलेला माणूस. पानातलं टाकणं त्याला माहीतच नव्हतं. त्याने सावकाश, चवीने, सालीपर्यंत खाल्लं.

"दोरे आहेत जरा," तो म्हणाला. "पण लोण्याबरोबर काहीही जातं."

"माझ्यातलं अर्धं घ्या."

अर्नीने तेही घेतलं. किती वर्षांनी तो चार माणसांत बसून जेवत होता. मग त्याने बोटं पुसली, काठी टेकली आणि उठला.

"चला. खोका घेतो आणि निघतो."

"कुठला खोका?"

"बाकाखालचा. आजपासून तिला उबेत ठेवायची. मार्च उजाडला की मग उशीर होतो."

अर्नी खोपट्यात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात रिकामा खोका होता आणि दुसऱ्या हातात सुतळीसकट एक चिठ्ठी. त्याने शेकोटीकडे बघितलं. मग खुर्चीत राहिलेल्या आपल्या चांदीच्या कागदाकडे बघितलं.

"हे तू काय म्हणून दिलंस मला?"

"रताळी," डेस्मंड म्हणाला.

"पोरा, डेलियाचे कंद होते ते."

डेलिया तर सगळ्यांच्याच वाफ्यात असायचे, पण हा कुठला ते तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी हिल्डाने बियांतून आलेल्या शेकडो रोपांतून एक निवडलं होतं. गडद तांबडं फूल, कडेला फिकी किनार, अगदी तिच्या लग्नातल्या टोपीसारखं. अर्नीने त्याचं नाव ठेवलं हिल्डाची टोपी. ऑगस्टच्या प्रदर्शनात त्या फुलाने अकरा वेळा पहिला नंबर घेतला होता. आणि हिल्डा गेल्यापासून दर उन्हाळ्यात, रविवारी, तेच फूल अर्नी तिच्यासाठी घेऊन जायचा. जगात त्याचे नऊच कंद होते. सगळे त्या खोक्यात.

"म्हणजे हिल्डा..." डेस्मंड म्हणाला.

"चार वर्षं झाली."

गवत वेळेवर कापतात, हे डेस्मंडला आठवलं. आपण त्यावर काय म्हणालो तेही आठवलं, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्याला वाटलं. पण जमीन अजून गोठलेली होती.

तेवढ्यात जॅनिस ओरडली, "एक घरी आहे! पण..."

"पण" ऐकायला डेस्मंड तिथे नव्हता. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, समोर चर्चचा चढ, तरी बावन्न वर्षांचा माणूस मैलभर पळत सुटला. घरात शिरून त्याने कपाटं उघडली, टोपल्या उलट्या केल्या. जॅनिस मागून गाडीने आली आणि दारात उभी राहून तिने वाक्य पुरं केलं. "पण काल रात्रीच्या सूपमध्ये तेच होतं. तू दोन वाट्या घेतल्यास. म्हणालास, विकतच्या रताळ्याला ही चव नाही."

उरल्या होत्या फक्त साली. त्या खरकट्याच्या बादलीत इतर सालींत मिसळल्या होत्या. डेस्मंडने बादली टेबलावर उपडी केली, साल न साल वेचली आणि दह्याच्या अकरा डब्यांत पेरली. संध्याकाळी तो अर्नीच्या दारात गेला. काय करू, असं विचारलं आणि उत्तर संपेपर्यंत गप्प उभा राहिला.

"मानेपाशी डोळा असला तरच फुटतं," अर्नी म्हणाला. "नुसत्या सालीतून काही येत नाही." मग त्याचा चेहरा बघून म्हणाला, "पण लाव तू."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. डेस्मंडला दोन रात्री झोप लागली नाही.

स्वयंपाकघराची खिडकी डब्यांनी भरली. रात्री तो त्यांच्यावर लोकरीचा मफलर घालायचा. डेपोत, मळ्यात, जो भेटेल त्याला विचारायचा आणि पुरतं ऐकून घ्यायचा. लोकांना याची सवय नसल्याने त्यांची वाक्यं संपता संपेनात. आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सातव्या डब्यातून हिरवा कोंब वर आला. डेस्मंड त्या दिवशी कामावर गेला नाही. डबा दोन्ही हातांत धरून, कोंबाला वारा लागू नये म्हणून पाठमोरा चालत, तो अर्नीच्या काचघरात पोचला.

अर्नीने चष्मा लावला. कोंब वरून बघितला, खालून बघितला. मग डबा हलकेच खाली ठेवला.

"बटाटा आहे," तो म्हणाला.

डेस्मंडचे डोळे भरून आले आणि ते त्याने लपवलं नाही.

"माझं चुकलं, मिस्टर सटक्लिफ. तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकलं नाही."

"ती पण सांगत होती," अर्नी म्हणाला. "अर्नी, एक गड्डा शेजाऱ्याला देऊन ठेव. आपला गेला तर त्याच्याकडून मागून आणता येईल. अख्खा मळा तेच करतो. ज्याने वाटलं त्याचं टिकलं. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी देतो. चिटणीसबाईंनी मागितला, नाही दिला. अकरा जणांनी मागितला असेल. दिला असता तर प्रदर्शनात त्यांचं फूल माझ्या शेजारी आलं असतं ना."

मला माहीत आहे, असं डेस्मंडच्या जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

त्या उन्हाळ्यात अ‍ॅक्रॉइडांच्या वाफ्यात बोटाएवढी गाजरं आली, कोबी गोगलगायींनी खाल्ला आणि भाजीवाल्याचं तोंड दर आठवड्याला बघावं लागलं. केरीची स्वीट पी मात्र खोपट्याच्या छपरावर चढली. दर शनिवारी संध्याकाळी अर्नीच्या काचघराच्या दारात त्यांचा एक गुच्छ असायचा. कोण ठेवतं ते कुणी सांगत नव्हतं, आणि रविवारी अर्नी तो घेऊन जायचा.

ऑगस्टात प्रदर्शन भरलं. अर्नी यंदा नाव देणार नाही असं सगळे धरून चालले होते. डेस्मंड जायला तयार नव्हता. जॅनिसने त्याला दंडाला धरून आत नेलं. डेलियांच्या लांब टेबलावर सगळ्यांची फुलं मांडलेली होती, आणि मधोमध, गेली अकरा वर्षं जिथे असायची तिथेच, अर्नीची काचेची फुलदाणी होती. आत स्वच्छ पाणी भरलेलं, फूल नाही. समोर अर्नीच्या अक्षरातला पुठ्ठा.

हिल्डाची टोपी. यंदा हजर नाही. डी. अ‍ॅक्रॉइड यांनी खाल्ली.

डेस्मंडचे कान तापले. लोक वाचत होते, त्याच्याकडे बघत होते आणि लगेच कांद्यांकडे वळत होते. तो मागे फिरणार एवढ्यात जॅनिसने त्याला पुन्हा पुढे ढकललं. "पूर्ण वाच," ती म्हणाली.

पुठ्ठ्याच्या अगदी तळाशी, पेन्सिलने, बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती.

मीही. दीड.