वेळेआधी लागलेली लाँच

बुधवारी सकाळी मोरेश्वर नाखवा मुंबईला जायला रेवसच्या धक्क्यावर आला, तेव्हा तो स्वतःच मुंबईहून परत येऊन लाँचमधून उतरत होता.

अंगावर तोच निळा शर्ट होता. डोकं मात्र तुळतुळीत केलेलं होतं आणि हातात लाल फडक्यानं तोंड बांधलेलं अस्थींचं मडकं होतं.

मोरेश्वरच्या हातून पिशवी खाली पडली. तिच्यात ट्रॉलरच्या मशीनचा झिजलेला पार्ट होता. तसाच नवा आणायला तो निघाला होता, मुंबईत त्याचं दुसरं काम नव्हतं. म्हातारा बाप माझगावला मोरेश्वरच्या बहिणीकडे, चंद्राताईकडे राहायचा. पण मोरेश्वरनं त्याची होडी विकून ट्रॉलर घेतला, तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"बाबा?" त्यानं विचारलं.

उतरणाऱ्यानं मान खाली घातली.

तिकीटबाबू मोकल आडवे आले. "थांबा. तुम्ही कुठल्या दिवशीचे?"

"रविवारचा."

"आज बुधवार आहे."

"लाँच लवकर लागली."

भरती असली की असं होतं, असं म्हणून मोकल जायला निघालेल्या मोरेश्वरकडे वळले. "तुम्ही जाताय ना? तुम्ही गेलात तरच यांना उतरवून घेता येईल. न गेलेला माणूस परत आला असं मी कसं धरू?"

मोरेश्वर मागे सरकला. "मी जातच नाही. मी गेलो नाही तर बाबांना काही होणार नाही."

"तसं नसतं," मोकल शांतपणे म्हणाले. "तुम्ही गेला नाहीत, तर फक्त तुम्ही गेलेले नसाल."

मागे टोपली घेऊन उभी असलेली कोळीण म्हणाली, "अरे बाबांनो, काय ते ठरवा. माझा बर्फ वितळतोय."

मोरेश्वर पुढे झाला. "भेट झाली?"

"चंद्राताईचा फोन आला तेव्हा मी दुकानात रांगेत होतो," रविवारचा मोरेश्वर म्हणाला. "नंबर जवळ आला होता. म्हटलं, पार्ट घेऊनच जाऊ." त्यानं मडक्याकडे पाहिलं. "पोचलो तेव्हा उशीर झाला होता."

पिशवी धक्क्यावर तशीच टाकून मोरेश्वर लाँचमध्ये चढला. मोकलांनी त्याला तिकीट दिलं आणि रविवारच्याला गावाकडे सोडलं.

खाडी संपेपर्यंत तो बसला नाही. भाऊच्या धक्क्याला दोर पडायच्या आधीच त्यानं उडी मारली आणि टॅक्सी धरली. चंद्राताईनं दार उघडलं, तिच्या हातात फोन होता. "तुलाच लावत होते! तुला कोणी सांगितलं?"

"मीच," तो म्हणाला आणि आत गेला.

म्हातारा खाटेवर पडला होता. छाती भात्यासारखी हलत होती. त्यानं डोळे उघडले.

"आयलास?"

"आलो, बाबा."

"ट्रॉलर कसा हाय?"

"बंद पडलाय."

म्हाताऱ्याला हसू आलं आणि हसताना खोकला लागला. मोरेश्वरनं त्याला उठवून आपल्या छातीशी टेकवलं. बऱ्याच वेळानं म्हातारा म्हणाला, "होडी तशी जुनीच झालती रं. पाणी घेत होती. मीच कोणाला बोललो नव्हतो."

चंद्राताईनं पेज आणली. म्हाताऱ्यानं मुलाच्या हातून दोन घास घेतले, तिसरा नको म्हणाला आणि तसाच टेकून राहिला. ऊन खिडकीत आलं तेव्हा तो गेला होता.

चंद्राताई रडत होती. घरी कळवायला हवं, म्हणून मोरेश्वर गॅलरीत गेला आणि त्यानं फोन लावला. फोन रविवारच्या मोरेश्वरनं उचलला.

"गेले," मोरेश्वर म्हणाला.

"माहीत आहे." मग त्यानं भीत भीत विचारलं, "बोलले का काही?"

"बोलले."

"काय म्हणाले? सगळं सांग."

मोरेश्वर गॅलरीत खाली बसला आणि त्याला पहिल्यापासून सांगू लागला.