गुलाबभाऊचा स्वस्तवाला कॉम्प्युटर

गोंडपिपरीत कोणत्याही वस्तूचा भाव गुलाबभाऊला विचारल्याशिवाय ठरत नाही, असं निदान गुलाबभाऊचं तरी मत होतं. त्यामुळे लेकीनं, रोशनीनं, कॉम्प्युटरचं नाव काढताच त्यानं हात वर केला.

"थांब! याच्याहून स्वस्तवाला येऊन राह्यला. अर्ध्या किमतीत! पक्की खबर हाय."

"कोनं सांगतलं बाबा?"

"पानठेल्यावर!"

रोशनीला घरबसल्या हिशेबाचं काम मिळालं होतं, सोमवारपासून. अट एकच, घरी स्वतःचा कॉम्प्युटर हवा. पण गुलाबभाऊ थांबला आणि त्यानं गावालाही थांबवलं. चौकात, आठवडी बाजारात, लग्नाच्या पंगतीत वाढप्याला अडवून तो ही खबर सांगत सुटला. शुक्रवार उजाडला तरी स्वस्तवाल्याचा पत्ता नाही!

"पोरीची नोकरी घालवता काय?" बायको ठमाबाई कडाडली. गुलाबभाऊ मुकाट्यानं चंद्रपूरला गेला आणि पूर्ण किंमत देऊन खोका घेऊन आला. कोणाला दिसू नये म्हणून त्यावर चादर गुंडाळली होती. गुंडाळलेल्या खोक्याकडे लोक जास्तच बघतात, हे त्या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही. बसमधून उतरतो तोच आरोळी उठली, "आला बे, स्वस्तवाला आला!"

घरापर्यंत वरातच निघाली! अंगणात नेमके माजरीचे व्याही, मुलाचे सासरे, चहा घेत बसले होते.

"जयभीम इवाईबुवा! अर्ध्यातच भेटला काय?"

गाव तोंडाकडे बघतंय, दारात सून उभी. 'नाई' एवढंच म्हणायचं होतं. पण गुलाबभाऊची जीभ ती!

"अर्ध्याहून कमीच समजा! दुकानदार आपल्या वळखीचा. म्हनाल तेवढे आनतो!"

"वा! मंग हा मी नेतो. आमची धाकटी कवापासून मांगून राह्यली. तुमी आपल्यासाठी दुसरा आना!"

व्याह्यांनी अर्धी किंमत तिथल्या तिथे हातावर ठेवली. व्याह्याला नाही म्हणायची रीत नाही, सुनेच्या देखत तर नाहीच नाही. खोका गाडीत चढवायला गुलाबभाऊनंच हात लावला. चादरही गेली.

ठमाबाई आत जाऊन भांडी आपटू लागली, म्हणजे प्रकरण फारच गंभीर होतं. रोशनीचा उतरलेला चेहरा पाहून गुलाबभाऊला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्यासारखा गाढव अख्ख्या तालुक्यात नाही, हे त्याला एकदाचं पटलं.

"उद्या पह्यल्या बसनं जातो बाई. पुऱ्या किमतीत दुसरा आनतो. तुझा सोमवार नाई चुकू देत."

रोशनीनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिला हसूच फुटलं.

"पन बाबा, तुमची खबर खरी निघाली! स्वस्तवाला आलाच की! फकत तो अर्ध्या किमतीत काढनारी कंपनी तुमीच हाय, हे पानठेल्यावर कोनाले मालूम नोतं!"