खाजणवाडीचा शंभर टक्के निकाल

आजारी असणे आणि आजारी ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विज्ञानाचा संबंध फक्त दुसरीशी येतो. माणूस घरच्या घरी, स्वतःच्या मनाने, हवा तेवढा आजारी असू शकतो. त्याला कोणी अडवत नाही. ठरायचे असेल तर मात्र निकषात बसावे लागते.

मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या खाजणवाडीत हे निकष गेल्या जानेवारीत एका पांढऱ्या गाडीतून आले. प्रकल्पाचे नाव 'किनारपट्टीवरील ज्येष्ठांमधील स्मृतिविकारांचे लवकर निदान व उपचार: एक बहुकेंद्री अभ्यास' असे होते. (केंद्रे दोन होती. दुसरे केंद्र म्हणजे पहिल्याचे कार्यालय.) नाव शेवटपर्यंत वाचेतो सुरुवात विसरायला होई, त्यामुळे फलक हाच पहिला प्रश्न असावा असा काही ज्येष्ठांचा समज झाला.

गाडीतून दीपिका उतरली. ती धामापूरची, प्राणिशास्त्राची पदवीधर आणि प्रकल्पाची क्षेत्र-समन्वयक. प्रश्न छापले आहेत तसेच वाचणे आणि उत्तरे मिळाली तशी लिहिणे हे तिचे काम. 'बोलीभाषा वापरू नये, सुचवू नये, हसू नये' हा पुस्तिकेतला नववा नियम तिने पाठ केला होता.

चाचणी तीस गुणांची होती. चोवीस किंवा अधिक मिळवणारा निरोगी. तेवीस किंवा कमी मिळवणारा प्रकल्पात सहभागी, आणि त्याला तीन गोष्टी मिळणार होत्या: मेंदूतज्ज्ञांकडून स्कॅनसह तपासणी, वर्षभराच्या गोळ्या (गोळी खऱ्या औषधाची की नुसत्या पिठाची, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि देणाऱ्यालाही, बहुधा ते फक्त गोळीला ठाऊक असते), आणि माणूस कुठे आहे ते फोनवर दाखवणारे मनगटी घड्याळ.

फलक बांधून व्हायच्या आत हौसाबाई येऊन उभ्या राहिल्या.

"बाय गो, तां घड्याळ आमच्या ह्यांका मेळात?"

'हे' म्हणजे गंगारामतात्या. त्यांनी चाळीस वर्षे खाडीवर तर, म्हणजे उतारूंची होडी, चालवली; माणसे या काठावरून त्या काठावर नेली. मग पूल झाला आणि उतारू पुलावरून जाऊ लागले. तात्याही थांबले. पण गेल्या दोन वर्षांत त्यांनी पुन्हा सुरुवात केली होती. भरती आली की ते खाली जात आणि होडी सोडत. उतारू नसत. महिन्यापूर्वी मासेमारांना ते खाडीच्या मुखाशी, समुद्राकडे तोंड करून, वल्ही आत घेऊन बसलेले सापडले. "पलतडी खंय गेली?" असे त्यांनी मासेमारांना विचारले. समोरचा काठ हरवला म्हणून त्यांना थोडा राग आलेला होता.

"माझो डोळो लागलो आणि हे गेले तर मी शोधू खंय?" हौसाबाई म्हणाल्या.

दीपिकाला हे लिहून घ्यायचे होते. रकाना नव्हता. 'इतर' या शीर्षकाखाली अर्धी ओळ होती, तिथे तिने 'होडी' एवढे लिहिले.

पहिली चाचणी भजनी मंडळाचे पखवाजवादक बाबली यांची झाली. 'आपण सध्या कितव्या मजल्यावर आहोत?' या प्रश्नावर त्यांनी माळा धरायचा की सोडायचा असे विचारले. नवव्या नियमामुळे दीपिकाला उत्तर देता आले नाही आणि त्यांचा एक गुण गेला. बाबली बाहेर आले ते थेट जयराम गुरुजींच्या पडवीत गेले.

इथे थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. दहावीच्या निकालात कोकण विभाग पहिला येतो, ही बातमी आपण दरवर्षी वाचतो आणि उरलेला महाराष्ट्र दरवर्षी सुस्कारा टाकतो. जयराम गुरुजींनी बावीस वर्षे शंभर टक्के निकाल लावला होता. बाहेरून कोणी प्रश्नपत्रिका घेऊन यावे आणि आपल्या गावातला माणूस तीत पडावा, ही कल्पना त्यांना निवृत्तीनंतरही सहन होण्यासारखी नव्हती. त्या संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात सराव वर्ग सुरू झाला. वयोगट साठ ते अठ्ठ्याऐंशी. हजेरी शंभर टक्के.

पाच शब्द लक्षात ठेवायचे होते: गालिचा, बासरी, कंदील, जांभळा, अंगठी. गुरुजींनी ते भजनाच्या गजराला लावले. शंभरातून सात-सात वजा करायचे होते. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट हा त्याचा अंतरा झाला. बाबलींनी पखवाज धरला. चौथ्या दिवशी विहिरीवर, आठव्या दिवशी काजूच्या बागेत आणि दहाव्या दिवशी एका साखरपुड्यात तो गजर ऐकू आला.

"गंगाराम, परत बोल," गुरुजी म्हणत. "बाहेरचो माणूस इलो म्हणान आपलो माणूस पडाक नको."

तात्या बोलत. बोलत कसले, गात. जेवलो की नाही हे त्यांना आठवत नसे, पण चाल लागली की पाच शब्द रांगेने बाहेर येत. (मेंदूत चालीचे घर वेगळे असते, हे शास्त्राला ठाऊक आहे. प्रश्नपत्रिकेला नव्हते.)

निकाल असा लागला. तपासलेले ज्येष्ठ बासष्ट; निरोगी एकसष्ट; सरासरी गुण सत्तावीस पूर्णांक आठ; प्रकल्पाच्या इतिहासातले सर्वांत तल्लख गाव. गंगारामतात्यांना सव्वीस मिळाले. त्यांना शाल आणि नारळ देण्यात आला. शेवटी दीपिकाने एक न छापलेला प्रश्न विचारला. हौसाबाईंकडे बोट करून, "तात्या, या कोण?"

"पासिंजर," तात्या म्हणाले.

या उत्तराला गुण नव्हते, आणि ते चुकल्याबद्दल वजाही होत नव्हते.

बासष्टपैकी जी एक व्यक्ती नापास झाली, त्या हौसाबाई. वीस मिनिटांच्या चाचणीत त्या चार वेळा उठून दारात गेल्या, पाचातले दोनच शब्द त्यांना सांगता आले आणि घड्याळाचे चित्र त्यांनी अर्धे सोडले. गुण एकोणीस. निदान: सौम्य स्मृतिविकार, अस्वस्थता, एकाग्रतेचा अभाव.

"अगो, माका सगळा आठवता!" त्या म्हणाल्या. "ह्यांनी होडी सोडली काय ता बघूक उठलंय. माका नको, ह्यांका नापास कर गो."

पण आकडा आकडा असतो. घड्याळ हौसाबाईंच्या मनगटावर चढले. त्याचा पट्टा फक्त प्रकल्पाच्या किल्लीने उघडत असे आणि दुसऱ्याची नाडी लागली की यंत्र शिटी मारत असे. प्रत्येक रुग्णाला एक निरोगी काळजीवाहक लागतो. घरात निरोगी म्हणून नोंद झालेले एकटे गंगारामतात्या होते.

उपचाराचे परिणाम दोन आठवड्यांत दिसू लागले. घड्याळाच्या नकाशावर हौसाबाईंचा ठिपका रोज भरतीच्या वेळी घरातून निघे, खाडीकडे जाई आणि पाण्यावर चालू लागे. मुख्य कार्यालयाने 'गंभीर भरकट' असा शेरा मारला. त्याच वेळी त्यांच्या दंडांच्या हालचालीत तिप्पट वाढ झाली होती, हे गोळीचे यश मानण्यात आले. (सदुसष्टाव्या वर्षी त्या वल्ही मारायला शिकल्या होत्या. परत कोणी आणायचे?)

एके दिवशी ठिपका मुखाकडे सरकताना पाहून मदतकक्षाने फोन केला. संभाषणाची नोंद दीपिकाच्या सहीसाठी आली, ती अशी:

"मी हौसा बोलतंय."

"आजी, आपण रुग्ण आहात. नियमानुसार काळजीवाहकांना फोन द्या."

"होय, कोण तां?"

"आजोबा, आजी कुठे आहेत?"

"ही काय, होडयेत बसली आसा. काळजी करू नको. माणसा पोचवूची चाळीस वर्सांची सवय आसा माका." मग फोन तोंडाजवळच ठेवून, "बाये, खंय जावचा आसा तुका?"

शेरा: काळजीवाहक सजग, शांत व प्रेमळ. पुढील कारवाईची गरज नाही.

दीपिकाने सही केली नाही. फेरतपासणी मागणारी पत्रे तिने तीन पाठवली. वेगळ्या शब्दांची यादी मंजूर व्हायची होती, म्हणून जुन्याच प्रश्नपत्रिकेवर सहा महिन्यांनी फेरपरीक्षा घ्यावी, असे उत्तर आले. मग तिने पुस्तिका गाडीत ठेवली आणि ती गुरुजींच्या पडवीत गेली.

"गुरुजी, ह्या परीक्षेत नापास झालेल्याक औषध मेळता. पास झालेल्याक शाल. तुम्ही तात्यांक शाल दिलीत."

गुरुजींनी चष्मा पुसला.

"किती मार्कांपर्यंत नापास?"

"तेवीस."

"मगे तेची तयारी करून घेतंय. पण एकट्या गंगारामाक पाडूचा नाय हां. तेचो अपमान होतलो. पडूचा तर सगळ्यांनी."

नापास होण्याचा सराव वर्ग हा शिक्षणक्षेत्रातला नवा प्रयोग होता आणि शिस्तीत तो पहिल्या वर्गाहून कठीण निघाला. महिना चुकवावा, पण वार बरोबर सांगावा, म्हणजे संशय येत नाही. दोन शब्द सांगावेत, तिसऱ्याला कपाळ चोळावे. पहिले काही दिवस बाबलींना तेवीसपर्यंत उतरणेही जमेना. ते सवयीने पास होत. गुरुजींनी त्यांना सभामंडपात उभे केले.

फेरपरीक्षेत साठ जण नापास झाले. सरासरी सतरा पूर्णांक दोन. सहा महिन्यांत एका गावाची स्मृती इतकी ढासळल्याचे दुसरे उदाहरण उपलब्ध नसल्याने प्रकल्पाला तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली.

गंगारामतात्या शेवटी बसले. शब्दांची वेळ येताच ते गाऊ लागले. विसरायला शिकवलेले ते विसरले होते. पाचही शब्द, पाचही वजाबाक्या, चाल जशीच्या तशी. दीपिकाने आयुष्यात प्रथमच बेरीज चार वेळा केली.

चोवीस. एका गुणाने निरोगी.

नियमानुसार एकसष्ट रुग्णांना निरोगी काळजीवाहक हवा होता. खाजणवाडीच्या ज्येष्ठांत निरोगी माणूस एकच उरला होता आणि फॉर्मवर काळजीवाहकही ज्येष्ठच लागत असे. दीपिकाने एकसष्ट फॉर्मवर एकच नाव लिहिले. या वेळी तिने सही केली.

त्यानंतर भरतीला होडी रिकामी गेलेली नाही. गुरुजींनी हजेरीपट केला आहे. रोज चार-पाच जण पाळीपाळीने उतारू होऊन बसतात, एक जण वल्ह्याशी, आणि हौसाबाई पंधरवड्यातून एखादी दुपार झोपतात. कार्यालयातल्या पडद्यावर चार-पाच ठिपके खाडी ओलांडून जातात आणि परत येतात. अहवालात याला 'सामूहिक भरकट' म्हटले आहे.

वाचकांनी आता वर न पाहता ते पाच शब्द म्हणावेत. पाचही आले असतील तर अभिनंदन, आपण गंगारामतात्यांइतके निरोगी आहात. आले नसतील तर एक घड्याळ शिल्लक आहे आणि काळजीवाहकाचे नाव आधीच लिहिलेले आहे. होडीत बसल्यावर ते आपल्याला एकच प्रश्न विचारतील: "खंय जावचा आसा तुका?"

उत्तर तयार ठेवावे. या प्रश्नाला गुण नाहीत.