नावामागचं शेपूट

बोरसे सरांनी माझी ओळख आजवर पंधरावीस वेळा तरी करून दिली असेल, आणि प्रत्येक वेळी मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं आहे. एकदा शाळेत मोठे साहेब आले. मी नवा शर्ट घालून, केसांना तेल चोपडून सगळ्यांच्या पुढे उभा होतो. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सर, दिस इज पाटील सर, हू स्लेप्ट इन द ट्रेनिंग."

त्या ट्रेनिंगमध्ये भाषण साहेबांचंच होतं.

बोरसे सर आमच्या शाळेत इंग्रजी शिकवतात. शाळा खांडबाऱ्यापासून सात-आठ किलोमीटर आत. मी मराठी शिकवतो, दहावीचा वर्गशिक्षक आहे, आणि मूळ कळसाडीचा असल्यामुळे आपण सपाटीवरची शहाणी माणसं, असा माझा एक जुना गैरसमज आहे. तो घालवण्याचं काम सरांनी विनामोबदला अंगावर घेतलेलं आहे.

सरांना नुसतं नाव चालत नाही. त्यांचं म्हणणं असं, की इंग्रजीत नाव आधी येतं आणि तो कोण, कसा, कुठला हे त्याच्या मागून शेपटासारखं लोंबतं. हू, विच, दॅट. त्या शेपटाशिवाय नाव उच्चारणं त्यांना असभ्य वाटतं. वर्गात कोणी म्हणालं, "सर, दिलीप आला नाही," की सर खडू खाली ठेवतात. "नुसता दिलीप? नागडं नाव शे ते. शेपूट कोठे शे?" मग पोरं ओरडतात, "दिलीप हू ईट्स चॉक!" आणि सर समाधानाने हजेरी मांडतात.

स्टेशनबाहेरच्या हॉटेलात ते साधा चहा कधी मागत नाहीत. "टी विच इज नॉट बॉईल्ड सिन्स मॉर्निंग." हॉटेलवाल्याला एबीसीडी येत नाही, पण 'विच' ऐकलं की तो निमूटपणे नवं आधण ठेवतो. हल्ली तोही बिघडला आहे. परवा मला म्हणाला, "पाटील सर, भजी देऊ का? विच आत्ताच काढी."

रजेच्या अर्जावरही सर अडून बसतात. एका मुलाने 'माझी आजी वारली' एवढंच लिहून आणलं. सरांनी अर्ज परत केला. "आजी हू?" मला ते फार निर्दय वाटलं, आणि तसं मी स्टाफरूममध्ये चारचौघांत बोललोही. मुलगा दुसऱ्या दिवशी पानभर लिहून आला. आजी, जी मला मोहाची फुलं वेचायला न्यायची. आजी, जी रेल्वेला घाबरायची. सरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि रजा दिली. मी म्हणालो, "बोरसे सर, एवढा वेळ आहे तर सिलॅबस पुरा करा." असा मी.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

आमच्याकडे आडनावं चार-पाचच. वसावे, गावित, वळवी, पाडवी, आणि संपलं. माझ्या वर्गात दोन सविता रमेश वसावे होत्या. एक मामाच्या गावी दुसऱ्या शाळेत गेली, दाखलाही घेऊन गेली. दुसरी दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेली आणि परीक्षेला परत येते म्हणाली. बोर्डाचे फॉर्म भरायची वेळ आली. मी यादी काढली, दोन सवितांपैकी एक खोडली, दप्तरात सापडलेला फोटो आणि सही लावून दुसरीचा फॉर्म भरला आणि वेळेत काम केल्याबद्दल स्वतःला शाबासकी दिली.

महिन्याभराने मामाच्या गावच्या शाळेतून फोन आला. "आमच्या सविताचा फॉर्म तुमच्याकडून कसा काय भरलेला दिसतोय?"

जी परीक्षा देणार होती तिलाच मी खोडलं होतं. मुदत परवा संपत होती. फॉर्मला तिचा फोटो हवा, सही हवी, दप्तरात तिचं दोन्ही नव्हतं, आणि बापाचा फोन बंद. हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर खुलासा मागितला. मी 'कार्यालयीन चूक' असा एक शब्दप्रयोग करून पाहिला. तो कोणाला आवडला नाही.

बोरसे सर उठले, पिशवी खांद्याला लावली. "चाला."

सविताचे आईबाप गुजरातेत व्याऱ्याकडे तोडणीला आहेत, एवढं गावातून कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने आम्ही व्याऱ्याला उतरलो, तिथून रिक्षा, मग उसाच्या बांधाने पायी. तोडणीवाल्यांचा पडाव म्हणजे प्लॅस्टिकच्या कागदाच्या शे-दीडशे झोपड्या. मुकादम बाजेवर बसला होता. मी पुढे झालो. चूक माझी, तेव्हा शोधही मीच लावणार.

"सविता पाहिजे."

"मास्तर, आठे सात सविता शेत. कोनती जोयजे?"

"वसावे."

"अर्धा पडाव वसावे शे."

"रमेशची मुलगी."

"कोनता रमेश?"

दोन वर्षं ती पोरगी माझ्यासमोर तिसऱ्या बाकावर बसत होती. मी डोळे मिटून आठवायला लागलो. उंची मध्यम, म्हणालो. रंग सावळा. केस काळे. मुकादमाने स्वतःच्या अंगाकडे एकदा पाहिलं, कारण हे सगळं त्यालाही लागू होत होतं.

मग बोरसे सर बोलले. "जिले उत्तर येस तं ती पहिले हसस, अन् नही उनं का येणी चावस. जी लोकेसनी पोरं कडेवर लई त्यासले कविता म्हनी दाखाडस."

शेजारी भांडी घासणाऱ्या बाईने मान वर केली. "ती कवितावाली? मन्ही पोरले रोज तीच निजाडस!" आणि तिने हात करून हाक मारली.

सविता उसाच्या वाढ्यांची मोळी डोक्यावर घेऊन येत होती. आम्हाला बघून थबकली, मोळी टाकली, आणि वेणीचं टोक तोंडात घातलं. दोन वर्षांत मी ते एकदाही पाहिलं नव्हतं.

मी तिला सगळं सांगितलं. "नाव मी खोडलं, सविता. न बघता खोडलं." मला वाटलं, रडेल. तिने फक्त विचारलं, "सर, मग आता मला बसता येईल ना?" मी हो म्हणालो. सरांनी एका झोपडीवर कोणाचं तरी पांढरं धोतर ताणून धरलं, त्यापुढे तिला उभं करून मी मोबाइलवर फोटो काढला. तिने पानांनी कापलेले हात ओढणीला पुसले आणि सही केली. बाप फडातून आला, म्हणाला, फेब्रुवारीत आत्याबरोबर पाठवतो.

दुपारी आम्ही व्याऱ्याच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट बघत होतो. मला थट्टा सुचली. मी म्हणालो, "सर, तुमचं शेपूट आज कामाला आलं."

सर हसले नाहीत.

"मी नवा नोकरीले लागनू तवय अक्कलकुवाकडे डोंगरमा व्हतू," ते म्हणाले. "वर्गमा तीन गीता पाडवी. दोनजनी तोडनीले गयल्या व्हत्यात. पडाववरथून निरोप उना, तुमनी शाळानी गीता तापमा मरी गयी, घर सांगी द्या. मी गऊ. चुकीना घर गऊ, पाटील सर. ती माय दिनभर रडनी. दुसरा दिन त्या मायनी गीता चालत घर उनी."

लांबून गाडीची शिटी आली. सर थांबले नाहीत.

"मंग माले दुसरा घर जानं पडनं. ती माय रडनी नही. माले पानी दिन्हं, अन् इचारं, मास्तर, मन्ही गीता शाळामा कशी व्हती?"

गाडी आली होती. लोक चढत होते. सर बाकावरून उठले नाहीत.

"मी सांगं, चांगली व्हती. बस. माले आखो काहीच माहीत नव्हतं. ती वाट देखी ऱ्हायनी व्हती, मी आखो काय सांगस म्हनीसन. अन् माले फक्त तिनं नाव माहीत व्हतं."

सविताचा फॉर्म दुसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर मी दहावीच्या वर्गावर गेलो आणि हजेरी घ्यायला लागलो. पहिलं नाव घेतलं, आणि मान वर करून तो मुलगा कोणता ते पाहिलं. मग दुसरं. एकेका चेहऱ्यावर थांबत गेलो. मुलं गोंधळली. कोणीतरी विचारलं, सर, आमचं काही चुकलं का? मी नाही म्हणालो आणि पुढचं नाव घेतलं. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा मी निम्म्या वर्गापर्यंतच पोचलो होतो.