प्रार्थनेत लागलेला रेडिओ

खांडबाऱ्याच्या चर्चमधली तरुणांची सभा ओस पडू लागली, तेव्हा वाहरू पाळकांनी बाजारातून भाड्याने रेडिओ आणला. मुलं स्टेशनजवळच्या हॉटेलात सिनेमाची गाणी ऐकत बसायची. रविवारी दुपारी रेडिओवर येशूची भजनंही लागतात, हे पाळकांच्या कानावर आलं होतं.

रविवारी चर्च गच्च भरलं. पण नेमके नंदुरबारचे मोठे पाळक प्रेमचंदही आले. सभा ठेवायची की बंद करायची, हे त्यांना ठरवायचं होतं.

वाहरूंनी बटण फिरवलं. आवाज नाही. शेवटपर्यंत पिळलं, तर बटणच हातात आलं.

"पाळकसाहेब, आते काय करानं?" पुढच्या बाकावरची कोकिळा कुजबुजली.

"प्रार्थना," वाहरू म्हणाले. दुसरं काही सुचेना. सगळ्यांनी डोळे मिटले. "हे प्रभू, आम्ही गप्प बसतो. आता तूच बोल."

जुन्या रेडिओला तापायला वेळ लागतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तेवढ्यात तो तापला.

"भाइयो और बहनो, क्या आपके बाल झड़ रहे हैं?"

वाहरूंचा हात आपसूक टकलावर गेला. मागोमाग तेलाच्या जाहिरातीचं गाणं दणदणलं. मुलं हसू दाबून लाल झाली. बाजारातली माणसं खिडक्यांशी जमली.

"बंद करा ते," प्रेमचंद म्हणाले.

"बटण निंघी गे, साहेब," वाहरूंनी हातातलं बटण दाखवलं.

"मग तार काढा."

"दुकानदार बोलना, तारले हात लावू नका."

शेवटी प्रेमचंदांनीच डोळे मिटून तार ओढली. रेडिओ बंद पडला. वाहरूंना वाटलं, संपली सभा.

तोच कोकिळेने त्याच तेलाच्या जाहिरातीच्या चालीवर स्तोत्र धरलं, "परमेश्वर माझा मेंढपाळ". चाल प्रत्येकाला पाठ होती. बाकं वाजू लागली, खिडकीतली माणसंही टाळ्यांनी साथ देऊ लागली.

गाणं संपलं, तरी मुलं जागची हलली नाहीत. "आखो एक," कोणीतरी मागून आणखी एक गाणं मागितलं.

प्रेमचंदांनी घाम पुसला. मग वाहरूंना बाजूला घेऊन म्हणाले, "बंद करायलाच आलो होतो मी. पण आमच्या चर्चमध्ये एवढी मुलं नाताळलासुद्धा दिसत नाहीत. या पोरीला पुढल्या रविवारी नंदुरबारला पाठवता?"

वाहरूंनी जवळच्या बाकावर बसकण मारली.

"पाठवतो की, साहेब."

"आणि तिला म्हणावं," प्रेमचंदांनी आवाज आणखी खाली आणला, "आमच्याकडे साबणाची चाल जास्त चालते."