तिला विचारलं का?

तत्त्वासाठी माणूस कशाचाही त्याग करू शकतो. आमच्या कॉलनीतल्या भास्करराव मुळ्यांनी तत्त्वासाठी दूध सोडलं, दही सोडलं, तूप सोडलं, मध सोडला आणि एका सकाळी दौलताबाद रस्त्यावर उजव्या पायातली चप्पलही सोडली. पहिल्या चार गोष्टी सोडल्याचं त्यांनी साऱ्या पडेगावला सांगितलं होतं. पाचवी सुटल्याचं त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

मी त्यांच्यासोबतच फिरायला गेलो होतो. कॉलनीच्या फाटकाशी आलो आणि माझं लक्ष खाली गेलं.

"भास्करराव, चप्पल कुठाय?"

त्यांनी आपल्या पायाकडं दुसऱ्याच्या मालाकडं पाहावं तसं पाहिलं.

"व्हय की," ते म्हणाले. "शरीर लई हलकं झालंय, सर. जमीन लागतच नाय आता."

आम्ही मागं गेलो. चप्पल रस्त्याच्या कडेला पडली होती आणि एक कुत्रं तिच्यावर हनुवटी टेकून झोपलं होतं. भास्कररावांनी त्याला उठवलं नाही. त्याची झोप होईपर्यंत आम्ही दोघं उभे होतो.

भास्करराव आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मी कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालो, ते वाळूजच्या एका कारखान्यातून. तिथं ते माल तपासायला होते. मशीनवरून आलेला सुटा भाग हातात घ्यायचा, गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालायचा आणि बसला नाही तर लाल रंगाचा ठिपका देऊन "रिजेक्ट" म्हणायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. मूळ गाव करमाड, घरची शेती, पण शेती भावाकडं आणि ठिपका यांच्याकडं. निवृत्तीनंतर त्यांच्यापुढं मोठाच प्रश्न उभा राहिला. नाकारायला काही उरलं नाही. काही दिवस त्यांनी भाजीवाल्याची वांगी नाकारली. मग भाजीवाला आमच्या गल्लीत यायचा बंद झाला.

त्याच सुमाराला त्यांची पत्नी लेकीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला गेली. नात झाली, नात रांगली, नात बालवाडीत जाऊ लागली. लेकीची नोकरी, जावयाची नोकरी. वहिनी दिवाळीला येतात, तुळशीचं लग्न झालं की जातात. आणि त्या गेल्यानंतरच कुणीतरी भास्कररावांच्या मोबाईलवर गोठ्यांची एक चित्रफीत धाडली. ती त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिली आणि जगातलं सगळं दूध एका बैठकीत रिजेक्ट केलं. मटण त्यांनी आईच्या शब्दाखातर तरुणपणीच सोडलं होतं, त्यामुळं सोडण्यासारखं एवढंच शिल्लक होतं.

माझ्या बायकोचं, नलिनीचं, मत वेगळं आहे. "कसलं तत्त्व?" ती म्हणाली. "वहिनी गेल्यापासून वर रोज दूध उतू जात होतं. करपल्याचा वास खालपर्यंत यायचा. दूध बघा, असं ओरडणारं कुणी नाही, म्हणून दूधच सोडलं."

तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच प्रश्न बसला. "तिला विचारलं का?" कॉलनीतल्या सत्यनारायणाला गुरुजींनी हातावर पंचामृत घालायला पळी पुढं केली. भास्कररावांनी हात मागं घेतला.

"तिला विचारलं का?"

"कुणाला?"

"म्हशीला."

गुरुजींनी क्षणभर विचार केला. "दूध गाईचं आहे," ते म्हणाले.

"मग गाईला."

गुरुजींनी पळी पुढच्या माणसाकडं वळवली. नलिनीच्या पैठणीबाबतही हाच प्रश्न आला, फक्त तिथं रेशमाच्या किड्यांना विचारायचं होतं. नलिनी म्हणाली, "भाऊजी, ही साडी घ्यायला ह्यांना विचारायलाच मला तीन वर्षं लागली. किड्यांपर्यंत मी पोचलेच नाही."

त्या काळात कॉलनीत सगळ्यांचं त्यांच्याशी बिनसलं असलं तरी आमच्या घरात एक गोष्ट चांगली झाली. आमचा दूधवाला किसन मिटमिट्याहून येतो. त्याचं माप एकाएकी सढळ झालं. एक लिटर सांगितलं तर पातेलं गळ्यापर्यंत भरायचं. नलिनी चारचौघींत सांगू लागली की, या काळात असा माणूस मिळायचा नाही. शेजारणींनीही किसनकडून दूध सुरू केलं. त्यांना मात्र लिटरला लिटरच मिळालं. त्यावर नलिनीचं म्हणणं असं की, माणूस माणूस बघून वागतो.

वर भास्करराव भाकरी, ठेचा, शेंगदाणे आणि कोऱ्या चहावर राहत होते. आपल्या प्रकृतीतल्या प्रत्येक बदलाची बातमी ते मला विजयाच्या सुरात देत. चेहरा पिवळट पडला, तेव्हा ते म्हणाले, "कांती आली." जीभ लालभडक आणि गुळगुळीत झाली, ठेचा झोंबायला लागला, तर "जीभ साफ झाली, आता खरी चव कळती." दोन जिने चढून धाप लागू लागली, ते जुनं विष बाहेर पडत होतं. तळपायाला मुंग्या येऊ लागल्या, तर तिथं नवं रक्त पोचत होतं. एकदा त्यांनी आमची बेल वाजवली, मी दार उघडलं आणि आपण कशाला आलो हे त्यांना आठवेना. "मन रिकामं झालंय," ते म्हणाले. ऋषिमुनींना ज्यासाठी अरण्यात जावं लागायचं, ते यांना आमच्या पायपुसण्यावर मिळालं.

औषधाच्या दुकानदारानं त्यांना एक कॅप्सूल सुचवली होती. तिचं टोपण जनावराच्या हाडाकातड्यापासून करतात, असं त्यांना कळलं. कॅप्सूल रिजेक्ट.

मग हुरड्याचे दिवस आले. त्यांच्या भावानं करमाडच्या मळ्यात बोलावलं, भास्कररावांनी आम्हा दोघांना सोबत घेतलं. ज्वारीची कोवळी कणसं, गोवऱ्यांची आगटी, गरम कणीस तळहातावर चोळायचं आणि चटणीशी खायचं. भावजयीनं दह्याचं मडकं पुढं केलं. भास्कररावांनी तोंड उघडायच्या आधीच तिनं ते मागं घेतलं. दिराला ती ओळखत होती.

भास्करराव मात्र खुशीत होते. हुरडा हेच माणसाचं खरं अन्न कसं, यावर ते उभ्यानं बोलत होते. मला राहवलं नाही.

"पण या गोवऱ्यांचं काय? तिला विचारलं का?"

"शेण ती आपखुशीनं देती, सर. मागावं लागत नाय."

सगळे हसले. ते चेवानं पुढं बोलू लागले, दोन पावलं मागं सरले आणि बोलतच राहिले. वास आधी नलिनीला आला.

"भाऊजी, पाय!"

भास्कररावांनी तिच्याकडं पाहिलं. "कुनाचा?"

आगटीतून बाजूला ओढलेल्या निखाऱ्यांवर त्यांची अनवाणी डावी टाच टेकलेली होती. भावानं त्यांना धरून मागं ओढलं, कुणीतरी कळशी रिकामी केली. त्यांना बाजेवर बसवलं. टाच पोळून पांढरी पडली होती. त्यांनी तळवा वळवून वळवून पाहिला, बोटानं दाबला.

"लागलं नाय," ते म्हणाले. हे वाक्य ते वर्षभर म्हणत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली गेला.

तिथून आम्ही त्यांना थेट छावणी भागातल्या डॉक्टर काझीबाईंकडं नेलं. बाईंनी टाचेला पट्टी बांधली आणि मग बाकीच्या माणसाकडं वळल्या. "काका, जीभ दिखाव." जीभ पाहिली. ठोकल्यावर थरथरणारा धातूचा चिमटा घोट्याला लावून विचारलं, "झिणझिण कळतं?" कळत नव्हतं. दोन्ही पाय जुळवून उभं केलं, डोळे मिटायला सांगितले. डोळे मिटताक्षणी भास्करराव तोडलेल्या झाडासारखे माझ्या अंगावर आले.

रक्त तपासलं. साखर ठीक निघाली. बी-बारा तळाला गेलं होतं.

"दूध सोडलं तर सोडा," बाई म्हणाल्या. "लोग रहते हैं बगैर दूध के, चांगले राहतात. पण बी-बारा भाजीभाकरीत मिळत नाही, ते बाहेरून घ्यावंच लागतं. शरीरातला साठा हळूहळू संपतो, म्हणून आधी काही कळत नाही. जीभ, थकवा, मुंग्या, विसरणं, तोल जाणं, ये सब आवाज दे रहे थे आपको."

"म्हंजे इंजेक्शन?"

"आधी इंजेक्शन. आणि उशीर केला तर नसा परत येत नाहीत, काका. मग हा पाय कायमचा असाच."

"ते इंजेक्शन कशापासून करत्यात?"

"जंतूंपासून."

मी आणि नलिनीनं एकमेकांकडं पाहिलं. प्रश्न आलाच.

"त्यांना विचारलं का?"

"काका," काझीबाई शांतपणे म्हणाल्या, "जंतू कधी कुणाला विचारतात?"

भास्कररावांना हे पटलं नाही. त्यांनी बाही वर केली नाही. त्या माणसाचा पाय जाणार की राहणार, हे त्या बाहीवर ठरायचं होतं आणि बाहीचं बटण लागलेलं होतं.

बाईंनी मग रक्ताचा रिपोर्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. एका बाजूला त्यांचा आकडा, दुसऱ्या बाजूला किती ते किती असावा त्याची मर्यादा. असा कागद वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आकड्यावर बोट ठेवलं, मर्यादेवर ठेवलं, पुन्हा आकड्यावर आणलं.

"लिमिटच्या बाहेर हाय," ते म्हणाले. "लईच बाहेर."

"मग?" मी विचारलं.

"आमच्याकडं असा माल म्या कधी सोडला नाय." त्यांनी कागदाची घडी घातली. "पन हे भंगारात टाकण्याइतकं नसंल. रीवर्कला टाका, दुरुस्तीला." आणि त्यांनी बटण काढलं.

टाच बरी होईपर्यंत त्यांनी चालायचं नाही असं ठरलं. सकाळचा कोरा चहा करून देण्याचं काम माझ्याकडं आलं. पहिल्याच सकाळी मी वर ओट्याशी उभा असताना बेल वाजली. दार उघडलं. किसन होता, हातात दुधाचं माप.

मला पाहून तो गोंधळला. आतून पलंगावरून आवाज आला.

"इचारलं का तिला?"

"इचारलं, काका."

"काय म्हनली?"

"आज जरा रुसली व्हती. सरकी टाकली, मग व्हय म्हनली."

"रेडकू?"

"प्यालं की. आधी त्याचं, मग आपलं. तुमची अटच हाय."

"आन् तिचा पाय?"

"लंगडती अजून. तुमच्यावानीच."

भास्करराव हसले. घरात ते एकटे असताना असे हसत असतील असं मला वाटलं नव्हतं. म्हशीच्या पायाला काय लावायचं, गोठ्यात पाणी कुठं साचतंय, पोराची शाळा काय म्हणते, अशा बऱ्याच गप्पा झाल्या.

"बरं, जा. ओत खाली."

किसन माप तसंच घेऊन जिना उतरला. खाली पातेल्यात धार पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ नलिनीचा, "अरे किसन, किती घालतोस रे!"

मी चहा त्यांच्या हातात दिला आणि खुर्ची ओढून बसलो.

"भास्करराव, हे काय?"

ते पायाच्या पट्टीशी चाळा करत राहिले.

"बंद केलं व्हतं, सर. खरंच केलं व्हतं. मग सकाळी बेल वाजंना. उठायचं तर कशाला, कळंना. रात्री हिचा फोन येतो, पन त्यात नातच बोलती, ही मागं भांडी लावत असती. दिवसाचं कोन येतंय वर? तुमी फिरायला येता, ते म्या खाली आल्यावर." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मग किसनला म्हनलं, येत जा. अर्धा लिटर."

"आणि तत्त्व?"

"हाय की. प्यालो का म्या?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"वैनींना बोलू नका," ते म्हणाले. "नको म्हनतील त्या. मग ते किसननं कुठं ओतायचं?"

इंजेक्शनांनी काम केलं. एके दिवशी दाराशी मोठा आवाज झाला आणि आमच्या उंबऱ्यावर भास्करराव अंगठा धरून उभे दिसले. "दुखलं, सर," ते म्हणाले. ठेच लागल्याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कुणाला झालेला पाहिला नाही. डाव्या पायाची बोटं अजून बधिर आहेत, ती कदाचित तशीच राहतील असं काझीबाई म्हणतात. आता ते पट्ट्याची सँडल घालतात आणि गोळी घेतात. गोळीच्या डबीवरचा सगळा मजकूर त्यांनी भिंग लावून वाचून पास केला आहे.

मीही आता सकाळी फिरायला निघताना खाली थांबत नाही. वर जाऊन बेल वाजवतो. मात्र किसन येऊन गेल्यावर.

नलिनी अजून किसनच्या मापाचं कौतुक करते. परवा तिनं उरलेल्या दुधाचं दही लावलं आणि भाऊजी आजारातून उठलेत म्हणून वाटीभर वर पाठवलं.

त्यांनी ते रिजेक्ट केलं.